बिनटाकीचं टरबूज

वाशीमच्या बसस्टँडबाहेर टरबुजाच्या गाड्या लागल्या की माझं डोकं फिरतं. गाडीवाला हातातल्या फळात चाकू खुपसतो, तिकोनी चकती ओढून काढतो आणि माझ्या नाकापुढे धरतो. "पाहा मावशी, कसं लालभडक हाये." याला टाकी मारणं म्हणतात. गिऱ्हाईक खूश, गाडीवाला खूश. मी मात्र म्हणते, "ते तुमचं तुमाले ठेवा. मले न कापलेलं द्या." मग तो माझ्याकडे असा पाहतो, जसं काही बाईचं डोकं ठिकाणावर नाही. घरी आल्यावर सून म्हणते, "आई, टाकी मारून आणत जा ना. पांढरं निघालं म्हणजे?" निघालं तर निघालं. पांढऱ्या टरबुजाची भीती मला कुणी घालू नये. आमच्या घरात एका पांढऱ्या टरबुजापायी पोरीची सोयरीक अडली होती.

आमचं घर माळव्याचं. वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर, रिसोडच्या बाजारात नेऊन विकायचं, हाच धंदा. उन्हाळ्यात नदी आटली की बाबा पात्रातल्या रेतीत आळी करून टरबूज लावायचे. त्याला आम्ही वाडी म्हणायचो. पुण्याकडचे लोक त्या फळाला कलिंगड म्हणतात, म्हणोत बापडे. आमचं ते टरबूज. काळ्या सालीचं, लांबोडकं, जुन्या बियाचं. आणि बाबांचा हेका एकच, आपल्या फळाला टाकी मारायची नाही. समोर पाटील उभा असो की मास्तर, बाबांचं उत्तर ठरलेलं. "माया हातानं तोडलं हाये. चाकू कायले पाह्यजे? भरोसा नसन तं पुढच्या दुकानी जा."

लोक पुढच्या दुकानी जात नसत. कारण बाबांचं फळ लालच निघायचं. ते वाडीत वाकून आधी देठाजवळचा ताणा, वेलाचा तो कुरळा तंतू, पाहायचे, वाळला की नाही. मग फळ थोडं कलतं करून रेतीला टेकलेलं पोट पाहायचे, पिवळं झालं की नाही. मग बोटाच्या पेरांनी ठोकून कान लावायचे. कच्चं फळ टणटण वाजतं, पिकलेलं धबधब. एवढं झालं की तोडायचे आणि म्हणायचे, "कुंकू हाये कुंकू." माय मागून पुटपुटायची, "या मानसाले पोरींची येवढी फुशारकी नाई, जेवढी टरबुजाची हाये."

पोरी आम्ही दोघी, पाठीवर एक लहान भाऊ. मी धाकटी, तोंडाची फटकळ, तेव्हाही आणि आताही. ताई माझ्याहून मोठी, सावळी, कमी बोलणारी. तिला आधी दोन ठिकाणचे लोक पाहून गेले होते. दोघेही पोहे खाऊन, चहा पिऊन "कळवतो" म्हणाले आणि कळवलं कुणीच नाही. कळवायचं काय होतं, रंग तर समोरच दिसत होता. बाबा म्हणायचे, गेले तर गेले. माय काही म्हणायची नाही, नुसती भांडी आपटायची.

तिसरं स्थळ कारंज्याचं आलं. पोरगा आम्ही दोघींनी आधीच पाहिला होता. मावसबहिणीच्या लग्नात कारंज्याला गेलो होतो, तिथे पंगतीत वाढत होता. ताईच्या पत्रावळीपाशी आला आणि तिने मान हलवली तरी एक पोळी ठेवून गेला. जाता जाता म्हणाला, "सकाळपासून तुमी सगळ्याइले वाढून राह्यल्या, आता जेवा." बस, एवढंच. पण ती पोळी ताईच्या मनात राहिली.

त्या दिवसांतलं सगळं मला लालच आठवतं. फाल्गुन सरत आला होता, बांधावरचा पळस पेटल्यासारखा दिसत होता. अंगणात मायने वर्षाच्या तिखटासाठी मिरच्या वाळत घातल्या होत्या. इतक्या, की न्हाणीकडे जायला पाऊल टाकायची वाट राहिली नव्हती. आम्ही दोघी त्या मिरच्यांचे देठ खुडत बसलो होतो आणि खुडता खुडता ताई म्हणाली, "हे जुळावं असं वाटते वं मले."

ताईने आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. जत्रेत बांगड्या घेताना सुद्धा "कोन्त्याबी चालतीन" म्हणणारी ती. तिच्या तोंडून हे ऐकलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ताई म्हणाली, "मिरचीचा हात लावला काय डोयाले?" मी म्हटलं, "हो."

पाहुणे यायच्या दिवशी मायने ठेवणीतला कुंकवाचा करंडा काढला. तो करंडा खारव्याच्या तुकड्यात बांधून ठेवलेला असायचा. खारवा म्हणजे ते जाड लाल कापड, धुऊन धुऊन विटायचं पण फाटायचं नाही. माय सांगायची की तिच्या आजीच्या काळी आपल्याकडे आल नावाचं झाड लावायचे, त्याच्या मुळ्यांतून हा लाल रंग काढायचे. शेतात रंग पिकायचा म्हणे. मला ते ऐकायला फार आवडायचं. त्या दिवशी मात्र कुणाला ऐकायची फुरसत नव्हती. करंडा पुसून देवापुढे ठेवला, कारण पाहुणी बाई पसंत पडल्यावर पोरीला कुंकू लावते, आणि एकदा ते लावलं की सोयरीक झाली. ते कुंकू आमच्या घरात दोनदा तयार राहून तसंच परत बांधलं गेलं होतं.

तिघं आले. पोरगा, त्याची आई आणि त्याचा मामा. आई म्हणजे एकदम भारदस्त बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, बोलणं कमी. तिच्या वाटणीचंही मामा बोलत होता. कारंज्याची बाजारपेठ कशी, कापूस कसा येतो, मंदिरं किती जुनी, सगळं सांगून झालं. ताई पाटावर मान खाली घालून बसली होती. तिला स्वयंपाक येतो का, शिवणटिपण येतं का, हे विचारून झालं. आणि मग मामाची नजर पडवीत रचलेल्या टरबुजांवर गेली.

"मस्त दिसून राह्यले," मामा म्हणाला. "पन आमच्याकडे टाकी मारल्याबिगर टरबूज घेत नाई कोनी. वरून चांगलं दिसते, आतून काय निघन सांगता येत नाई."

बोलला तो टरबुजाबद्दल. पण समोर पाटावर माझी सावळी बहीण बसली होती, आणि बाबांना ते कुठं लागलं ते मला दिसलं. त्यांचे कान लाल झाले. ते उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "चला माया संगं वाडीत. तुमच्यासमोर तोडतो."

दोघं गेले आणि थोड्या वेळाने आले. बाबांच्या खांद्यावर हे एवढं टरबूज. मामा वाटभर बोलतच होता, घरात शिरतानाही बोलतच होता. बाबांनी फळ ओसरीवर ठेवलं आणि विळा मागितला. मामा हसत म्हणाला, "आधी येक टाकी मारून पाहा, दादा."

बाबा सरळ उभे राहिले. "टाकी नाई मारत मी. हे फळ लाल नाई निघालं, तं माई पोरगी तुमच्या घरी देत नाई."

दाराआड मायने कपाळावर हात मारला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पोरगी बसली आहे, पाहुणे खूश आहेत, करंडा तयार आहे, आणि हा माणूस सगळं नेऊन टरबुजावर ठेवतो. आमच्यासारख्या माळवेवाल्याच्याच हातून असली चूक होऊ शकते. दुसऱ्या कुणाला आपल्या फळाची एवढी खात्री नसते.

बाबांनी विळा घातला. टरबूज दोन फाका होऊन पडलं.

आत पांढरं. मधोमध जराशी गुलाबी झाक, बाकी सगळं दुधी भोपळ्यासारखं, बियाही पांढऱ्या.

बाबा त्या फाकांकडे पाहत राहिले. मग अगदी शांतपणे म्हणाले, "तुमी आता जेवून जा. पोरगी नाई देत मी."

"अहो दादा, गमतीतलं बोलनं ते," मामा म्हणाला.

"मी गंमत नाई केली."

मायचा आवाज दाराआडून आला, पाहुण्यांना ऐकू जाईल असा. "जिभेले हाड हाये काय या मानसाच्या? येका टरबुजापायी पोरीचा जलम घालवता काय?" बाबा हलले नाहीत. त्यांना मी ओळखत होते. बाजारात एकदा भाव सांगितला की सांगितला, बाप मेला तरी तोच. आणि इथे तर चारचौघांत शब्द गेला होता. मला पोराचाही राग आला. अरे, बोल ना काहीतरी. तो ताईकडे पाहत होता आणि ताई खाली पाहत होती, पण पाहायला आलेल्या पोराने बोलायचं नसतं आणि पाहायला बसलेल्या पोरीने तर नाहीच नाही.

तेव्हा ताई उठली. कुणी उठ म्हटलं नव्हतं. तिने त्या दोन्ही फाका उचलल्या, एक या हातावर, एक त्या हातावर, आणि आत गेली. मी तिच्या मागे धावले.

मला वाटलं, आत जाऊन रडेल. कसचं. ती विळीवर बसली होती आणि साल काढत होती. "अंगनातल्या मिरच्या आन," म्हणाली. "चांगल्या लाल पाहून आन. अन् पाट्यावर वाट." मी मूठभर आणल्या. ती म्हणाली, "येवढ्यानं काय होते? ओंजळभर आन."

कच्च्या टरबुजाची भाजी आमच्याकडे नवी नव्हती. वाडीतलं फळ डुकराने फोडलं, गारपिटीने फुटलं, तर ते फेकून कोण देतं? दुधीसारखं चिरायचं आणि रस्सा करायचा. पण ती आमची घरची, गरजेची भाजी. पाहुण्यांच्या पानात ती कुणी वाढल्याचं मी ऐकलं नव्हतं. ताईने खोबरं भाजलं, दाण्याचा कूट घातला, तेल तापवून भांडं खाली उतरवलं आणि मग त्यात मिरचीचं वाटण सोडलं. जाळावर सोडलं की तिखट काळं पडतं, उतरवून सोडलं की रंग धरतं. मिठाची चिमूट तिने दोनदा उचलली आणि दोनदा परत ठेवली. तेवढ्यावरूनच मला कळलं की तिच्या जिवाचं काय झालंय.

पानं वाढली. पोळ्या, वरण, भात सगळं मायचं. भाजी ताईने स्वतः वाढली. वाटीत वर बोटभर तर्री, लाल म्हणजे अशी लाल, की खालची फोड दिसत नव्हती. पाहुण्यांना वाढून ती बाबांच्या पानाशी आली, वाटी ठेवली आणि म्हणाली, "बाबा, घ्या. लाल हाये."

त्या दिवशी पाहुण्यांपुढे ती एवढंच बोलली.

बाबांनी वाटीकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं नाही. पोळीचा तुकडा मोडला, बुडवला आणि खाल्ला. मामाने पहिला घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, नाक पुसत पुसत जेवला बिचारा. जन्मात पहिल्यांदा असं झालं असेल की त्याला बोलता येत नव्हतं. मला फार बरं वाटलं. पोराच्या आईने वाटी रिकामी केली, पुढे केली आणि म्हणाली, "आनखी दे." मग विचारलं, "हे त्याच टरबुजाचं हाये ना?"

ताईने मान हलवली.

बाई जेवून उठली, हात धुतले आणि मायला म्हणाली, "करंडा आना." बाबा तोंड उघडणार, तेवढ्यात ती त्यांच्याकडे वळली. "भाऊ, शब्द तुमचा हाये, कुंकू माहं हाये. आमच्या घरी काय सगळी फळं लाल निघतात काय? पांढरं निघाल्यावर जे रडत बसत नाई, तेच पोरगी मले पाह्यजे होती." आणि तिने ताईच्या कपाळाला कुंकू लावलं. धुऊन सुद्धा त्या बाईच्या नखांत तर्रीचा लाल रंग राहिला होता, ते मी जवळून पाहिलं. माय रडली. मी पण रडले, आणि या खेपेला मिरचीचं नाव सांगायला ताईने विचारलंच नाही.

बाबा नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. पाहुणे गेल्यावर वाडीत गेले. मी पाठोपाठ गेले तर एका वेलापाशी उकिडवे बसले होते. मुळाशी घुशीने उकरलेलं होतं, वेल खालून कुरतडलेला. "वेल मेला होता," ते म्हणाले. "म्हनून ताना वायला. फळ पिकलं नव्हतंच. तो मामा कानाशी बडबडून राह्यला, मी नीट ठोकून पाह्यलंच नाई." एवढं बोलून त्यांनी तो वेल उपटून टाकला.

वैशाखात लग्न झालं. लाल शालू, हातभर हिरवा चुडा, सगळं रीतीप्रमाणे. बाबांनी ताईच्या हातावर पाणी सोडलं, पण "पोरगी दिली" असं ते कुणाकडेही, कधीच म्हणाले नाहीत. गावातले लोक विचारायचे, "थोरली कारंज्याले दिली काय?" तर बाबा म्हणायचे, "हो, कारंज्याले असते ती." दिली म्हणायचे नाहीत. शब्द एकदा गेला होता, तो त्यांनी त्यांच्या परीने पाळला. ताई माहेरी आली की हसत हसत म्हणायची, "मले तं बाबानं देल्लीच नाई. सासूनं उचलून नेलं." आम्ही सगळे हसायचो. पण एकदा चुलीपाशी आम्ही दोघीच होतो तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, "येकदा म्हनायला पाह्यजे होतं वं त्याइनं." तिचा संसार सुखाचा होता, सासू तिच्यावर जीव टाकायची. तरी बापाच्या तोंडचा तेवढा एक शब्द तिला हवा होता, आणि ती तो मागत नव्हती. मागणं तिला येतच नव्हतं.

आता ती वाडी नाही. पात्रात रेतीच राहिली नाही तर वाडी कशी राहील? टिप्पर आले, रेती गेली, आता नदीत नुसते खड्डे आहेत. टरबूज शेतात लावतात, ताणलेल्या प्लास्टिकवर, ठिबकच्या नळीवर. सगळी सारखी, सगळी लाल. चवीला गोड असतात, खोटं कशाला बोलू. पण ठोकून कान लावणारं कुणी राहिलं नाही, कारण गरजच नाही. बाबांचं काळ्या सालीचं बी सुद्धा आमच्याकडे राहिलं नाही. ते राहिलं ताईकडे. लग्नात मायने ओटीत बांधून दिलं होतं आणि ताईने ते कारंज्याच्या शेतात, एका कोपऱ्यात, दरवर्षी जगवलं.

बाबांच्या शेवटच्या उन्हाळ्यात त्यांची नजर पार गेली होती. खाणंही सुटलं होतं. माय आधीच गेलेली. मी वाशीमहून आले होते, ताई कारंज्याहून आली, आणि येताना तिच्या शेतातलं पहिलं टरबूज एसटीत मांडीवर घेऊन आली. सकाळची वेळ होती. बाबा ओसरीवर खाटेवर पडले होते. ताईने फळ त्यांच्या हाताशी ठेवलं. "तुमच्या बियाचं हाये, बाबा. पाहा."

बाबांनी ते चाचपलं. देठ शोधला, पण ताणा कुठला असायला, तो शेतातच राहिला होता. मग पेरांनी ठोकलं. बोटांत जोर नव्हता. कान लावला, पुन्हा ठोकलं. "लाल हाये," म्हणाले.

ताईने कापलं. पांढरं होतं. अगदी तसंच, मधोमध जराशी झाक.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ताई म्हणाली, "लाल हाये बाबा. कुंकू हाये कुंकू." आणि मधला जरा बरा तुकडा काढून त्यांच्या तोंडात दिला.

बाबांनी तो चघळला. बराच वेळ चघळला. मग म्हणाले, "पांढरं हाये. काहून खोटं बोलून राह्यली?"

ताईने हातातली फाक खाली ठेवली. बाबांनी हात पुढे करून तिचा हात शोधला आणि थोपटला. "जा. भाजी टाक. तिखटाले हात आखडू नको."

तिने भाजी टाकली. पाटा कधीचा मागे टाकलेला होता, मी तो उचलून आणला, धुतला आणि मिरच्या वाटल्या. तेल तापवून भांडं खाली उतरवलं, वाटण सोडलं. घरभर ठसका झाला, भावाची नातवंडं खोकत बाहेर पळाली. ताई वाटी घेऊन बाबांच्या खाटेशी बसली आणि पोळीचा लहानसा तुकडा तर्रीत बुडवला.

बाबांनी तोंड उघडलं नाही. आधी विचारलं, "लाल झाली काय?"

"झाली, बाबा."

"बराबर पाह्यली?"

मी म्हटलं, "मी बी पाह्यली बाबा. लाल हाये."

"मंग दिली पोरगी," बाबा म्हणाले, आणि घास घ्यायला तोंड उघडलं.

ताईचा हात तसाच राहिला. तर्री तिच्या बोटांवरून मनगटापर्यंत ओघळली. मग तिने तो घास त्यांना भरवला आणि पदराने डोळे पुसले. हात मिरचीचा होता, पण त्याची तिला शुद्ध नव्हती.